पासपोर्ट कपाटात असू दे, पण किल्लीवर हक्क तुमचा हवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही २४ वर्षांच्या, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या. केनियात एका मिशनच्या दवाखान्यात दोन वर्षं सेवेला निघालात. मानधन जेमतेम, राहणं-जेवण संस्थेकडे. जाण्याआधी जे सूचनापत्र आलं, त्यात एक ओळ आहे : पोहोचल्यावर पासपोर्ट कार्यालयात जमा करावा, सेवाकाळ संपल्यावर परत मिळेल. आई म्हणते, अजिबात देऊ नकोस. चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, देवाच्या कामाला निघालीस आणि पहिल्याच दिवशी अविश्वास? आणि तुम्ही विचारताय की हे सगळीकडे असंच असतं का, आणि नाही म्हटलं तर वाईट दिसेल का.

दोन्हींची उत्तरं आधी देऊन टाकते. हो, पुष्कळ ठिकाणी असंच असतं. आणि नीट शब्दांत विचारलंत तर वाईट दिसणार नाही. त्या ओळीतल्या ‘जमा करावा’ या शब्दांची मला फारशी भीती वाटत नाही. मला खटकतं ते ‘सेवाकाळ संपल्यावर’. पासपोर्ट कुठे ठेवलाय, हा सोयीचा प्रश्न आहे. तो मागितल्यावर किती वेळात हातात पडतो, आणि मागताना कारण सांगावं लागतं का, हा खरा प्रश्न आहे. बाकीचं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

मी कुठल्या अनुभवावर बोलते तेही सांगते. १९९९ ते २००६ मी केनियातल्याच किसुमू शहराजवळच्या एका दवाखान्यात नर्स होते. परत आल्यापासून पुण्यात बाहेरदेशी जाणाऱ्या सेवकांची कागदपत्रं बघते. व्हिसा, परमिट, विमा, परतीची तिकिटं, सगळं. तरुण मुलं-मुली असतात, कुटुंबं असतात, व्रत घेतलेल्या सिस्टर्सही असतात. आणि हा प्रश्न मला फाइलींतून कळलेला नाही, अंगावर आला तेव्हा कळला.

२००३ च्या जुलैत एका गुरुवारी पहाटे सव्वापाचला दवाखान्याच्या फोनवर भावाचा आवाज आला. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे संगमनेरला पावणेआठ वाजले होते. अण्णांना रात्री झटका आला होता, नाशिकला हलवत होते. “येता येईल का?” एवढंच तो म्हणाला. रात्रीच्या बसने साडेतीनशे किलोमीटर काढून शुक्रवारी सकाळी मी नैरोबीच्या कार्यालयात पोचले. माझा पासपोर्ट तिथल्या लोखंडी कपाटात होता. मीच आनंदाने दिला होता. किल्ली सचिवांकडे असायची आणि सचिव शिबिरासाठी मोंबासाला गेले होते. दुसरी किल्लीच नव्हती. खजिनदार बाई माझ्याबरोबर रडल्या, चहा केला, गुडघे टेकून प्रार्थना केली. कपाट काही उघडलं नाही. सचिव सोमवारी दुपारी आले. मंगळवारच्या विमानाने मी निघाले. अण्णांना शनिवारीच माती दिली होती.

नैरोबी ते मुंबई विमान सहा तासांचं आहे. मला पाच दिवस लागले.

कपाट उघडलं तेव्हा आत खाकी पाकिटांत पासपोर्टचे गठ्ठे होते, रबरबँड लावलेले. माझ्या पासपोर्टवरचं रबर उष्णतेने विरघळून निळ्या कव्हरला चिकटलं होतं. मी ते तिथेच उभ्या उभ्या नखाने खरवडलं. तो पासपोर्ट पुढे रद्द झाला, पण माझ्याकडे आहे, आणि तो तपकिरी पट्टा त्याच्यावर अजून आहे.

या गोष्टीत कोणी वाईट माणूस नाही, हे लक्षात घ्या. कोणी मला अडवलं नाही, धमकावलं नाही. तरी माझा पासपोर्ट माझ्या ताब्यात नव्हता. म्हणून ‘आमची संस्था चांगली आहे’ एवढ्यावर मी कोणाला निर्धास्त होऊ देत नाही. चांगल्या संस्थेचं कपाटही बंदच असतं.

आता कायद्याचं बोलू, कारण पाळकसाहेबांशी बोलताना तुम्हाला ते लागेल. आपला पासपोर्ट कायदा १९६७ चा. त्याच्या कलम १७ प्रमाणे पासपोर्ट ही सदासर्वकाळ केंद्र सरकारची मालमत्ता असते. तुमचा फोटो, तुमचं नाव, पण मालकी सरकारची. तुम्ही फक्त जपणाऱ्या. त्यामुळे तो कोणाकडे गहाण ठेवणं, कर्जापोटी किंवा कराराची हमी म्हणून देणं, यात काही अर्थ नाही. जी वस्तू आपली नाही ती गहाण कशी टाकणार? पासपोर्ट अडकवून ठेवायचा अधिकारही त्याच कायद्याच्या कलम १० प्रमाणे पासपोर्ट अधिकाऱ्याचा. २००८ मध्ये सुरेश नंदा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोलीस एखादा पासपोर्ट ताब्यात घेऊ शकतील, पण तो अडकवून ठेवणं त्यांच्या हातात नाही, ते पासपोर्ट अधिकाऱ्याचंच काम. तो निकाल आपल्या देशातला आहे, नैरोबीच्या कपाटाला थेट लागू होत नाही. पण ज्या गोष्टीचा अधिकार आपल्या पोलिसांनाही नाही, तो एखाद्या दवाखान्याच्या कार्यालयाला कुठून येईल, एवढं तुम्ही शांतपणे विचारू शकता.

व्रत घेतलेल्या सिस्टर्स मला हमखास एक प्रश्न विचारतात, तो तुम्हाला लागू नसला तरी इथे सांगते. दारिद्र्याचं व्रत घेतलं, आज्ञापालनाचं घेतलं, मग मदर सुपिरियरनी मागितला तर पासपोर्ट द्यायला नको का? मी त्यांना म्हणते, व्रतात आपण आपलं जे असतं ते सोडतो. पासपोर्ट आपला नाहीच, तो भारत सरकारने सांभाळायला दिलेला आहे. तो तुम्हाला अर्पणही करता येत नाही आणि मदरना स्वीकारताही येत नाही. बहुतेक मदर्सना हे पटतं. काहींनी तर हसून कपाटच उघडून दिलं.

संस्थांची बाजूही ऐका, कारण त्यांची कारणं खोटी नसतात. एका खोलीत चार-चार मुली राहतात, बॅगा पलंगाखाली, चोऱ्या होतात. एखादीचा पासपोर्ट हरवला की पोलीस ठाणं, दूतावास, इमिग्रेशन ही सगळी धावपळ कार्यालयाच्या गळ्यात पडते. परमिटचं नूतनीकरण एकदम करायचं असतं, तेव्हा वीसजणींचे पासपोर्ट वीस ठिकाणांहून गोळा करणं म्हणजे दिव्य असतं. हे मी स्वतः केलंय, मला त्यांची दमछाक कळते. पण अजून एक कारण असतं, ते कागदावर कधीच येत नाही : मुलं मध्येच कंटाळून घरी पळतील. हे कारण तोंडी ऐकू आलं, हसत हसत जरी आलं, तरी सावध व्हा. सेवेला आलेल्या माणसाला परत जाता येऊ नये म्हणून त्याचा पासपोर्ट ठेवला, की ती सांभाळणी राहत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तमजुरी ओळखायच्या ११ खुणा सांगितल्या आहेत आणि ओळखपत्रं अडवून ठेवणं ही त्यांतली एक आहे. एकच खूण दिसली म्हणून लगेच सक्तमजुरी होत नाही. पण पासपोर्ट त्यांच्याकडे, मानधन थकलेलं, बाहेर जायला परवानगी लागते आणि घरी फोन करताना कोणीतरी शेजारी बसतं, असं सगळं एकत्र जमलं तर वाट बघत बसू नका.

आपल्या रायगड-रत्नागिरीतली कितीतरी घरं आखातात राबलेल्या माणसांची आहेत. पासपोर्ट मालकाकडे म्हणजे काय, हे त्या घरांत कोणालाही विचारा. कतारच्या २०१५ च्या कायद्यात निवास परवान्याचं काम झालं की पासपोर्ट कामगाराला परत द्यायचा, नाहीतर २५,००० रियालपर्यंत दंड, असं लिहिलेलं आहे. कंपनीच्या मजुराला जो हक्क कायद्याने दिला, तो सुवार्तेच्या कामाला गेलेल्या मुलीने केवळ संकोचापोटी सोडावा, हे मला पटत नाही.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते बघू. पासपोर्ट नेहमी स्वतःजवळच ठेवा, असं मी सरसकट कधी सांगत नाही.

पहिलं, त्या देशात रोज दाखवायला काय लागतं. केनियात ९० दिवसांहून जास्त राहणाऱ्या परदेशी माणसाला नोंदणी करून ओळखपत्र घ्यावं लागतं. लोक त्याला अजून ‘एलियन कार्ड’च म्हणतात. ते मिळालं की रोज पासपोर्ट घेऊन हिंडायची गरज राहत नाही. फिलिपीन्समध्येही असंच कार्ड असतं, जपानमध्ये निवासाचं कार्ड सतत जवळ ठेवावं लागतं आणि ते असलं की पासपोर्ट घरी ठेवलेला चालतो. कार्ड हातात येईपर्यंत मात्र पासपोर्ट हीच तुमची ओळख. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत तो कपाटात जाऊच देऊ नका, फार तर झेरॉक्स द्या.

दुसरं, परमिटचं काम. धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी केनियात ‘क्लास आय’ नावाचं परमिट असतं. त्याच्या कामासाठी, मुदतवाढीसाठी पासपोर्ट काही काळ इमिग्रेशनच्या हाती जाऊ शकतो आणि त्या काळात तो तुमच्याकडेही नसतो, संस्थेकडेही नसतो. यात वावगं काही नाही. फक्त तो कधी दिला, कोणी नेला, कोणत्या कामासाठी, आणि पावती कुठे आहे, हे तुमच्या वहीत असलं पाहिजे. पावतीचा मोबाइलवर फोटो काढा. ‘इमिग्रेशनला दिलाय’ हे वाक्य सहा महिने ऐकवलं गेल्याची उदाहरणं माझ्याकडे आहेत. प्रत्यक्षात पासपोर्ट पहिल्याच महिन्यात परत येऊन ड्रॉवरमध्ये पडलेला होता.

तिसरं, तुमची खोली. दाराला कुलूप नसेल, छत गळत असेल, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता असेल, तर कार्यालयाचं लोखंडी कपाट खरंच जास्त सुरक्षित आहे. तिथे ठेवा. पण ठेवण्याची पद्धत तुमची असू द्या. तुमच्याच पाकिटात घाला, पाकीट बंद करून चिकटवलेल्या जागेवर आडवी सही करा, तारीख टाका. रजिस्टरमध्ये नोंद करून घ्या आणि त्या नोंदीचा फोटो ठेवा. आणि किल्ल्या किमान दोघांकडे आहेत, हे विचारून घ्या. माझ्या वेळी दुसरी किल्ली असती, तर मी शनिवारी अण्णांच्या उशाशी असते.

पाळकसाहेबांच्या मुद्द्याला मी टाळत नाही. विश्वासाने गेलेलं माणूस हिशोब मागतं का, असं त्यांना वाटत असेल. त्यांना बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतला १६ वा आणि २२ वा अध्याय पुन्हा काढायला सांगा. फिलिप्पैत पौलाला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी शिपाई पाठवून त्याला गुपचूप सोडून द्यायला सांगितलं, तेव्हा तो निमूटपणे निघून गेला नाही. आपण रोमी नागरिक आहोत हे त्याने ठणकावून सांगितलं आणि अधिकाऱ्यांना स्वतः यायला लावलं. यरुशलेमात चाबूक मारायला बांधलं, तेव्हा त्याने शताधिपतीला तोच प्रश्न केला : रोमी माणसाला, आणि तेही दोषी न ठरवता, फटके मारणं तुम्हाला योग्य आहे काय? पुढे २५ व्या अध्यायात त्याने रोमच्या सम्राटाकडे, कैसराकडेच दाद मागितली. त्याच्याइतका देवावर भरवसा ठेवणारा मिशनरी कोण? तरी आपलं नागरिकत्व त्याने कधी कोणाच्या कपाटात ठेवलं नाही. गरज पडली तिथे ते वापरलं. पासपोर्ट म्हणजे त्याच नागरिकत्वाचा आजचा कागद.

आता संस्थेला लिहायचं कसं? तक्रारीच्या सुरात नको, आणि माफी मागतही नको. आभार मानायचे, सूचनापत्र मिळाल्याचं कळवायचं आणि पुढे साधं लिहायचं : “माझा पासपोर्ट मी स्वतःजवळ ठेवीन. निवासाच्या ठिकाणी सुरक्षित जागा नसेल, तर माझ्या विनंतीवरून तो कार्यालयात ठेवता येईल. मी मागेन तेव्हा, कारण न विचारता, त्याच दिवशी तो मला मिळेल, एवढं कृपया लेखी कळवावं. परमिटच्या कामासाठी लागेल तेव्हा मी तो वेळेवर आणून देईन.” शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण त्यात त्यांची खरी अडचण तुम्ही सोडवता. हे ईमेलवर लिहा, फोनवर बोलू नका. आणि तिकीट निघण्याआधी लिहा. विमानतळावर घ्यायला आलेल्या माणसाशी, १२ तासांच्या प्रवासाने दमलेल्या अवस्थेत, हा विषय काढायची वेळ येता कामा नये.

चांगल्या संस्थेकडून दोन-चार दिवसांत ‘हो, हरकत नाही’ असं उत्तर येतं. गेल्या काही वर्षांत मी अशी पत्रं कितीतरी लिहून दिली, बहुतेकांना असंच उत्तर आलं. काही ठिकाणी नियमच बदलला, कारण कोणी विचारलंच नव्हतं म्हणून तो तसा पडून होता. एखादी संस्था ‘आमचा नियम म्हणजे नियम’ म्हणाली, तर मी जाऊ नका म्हणते. हे कडक वाटेल. पण जी संस्था तुम्ही भारतात असताना, तिला तुमची गरज असताना, एक वाक्य लिहून देत नाही, ती तुम्ही तिच्या आवारात एकट्या असताना काय देणार?

जाण्याआधीची स्वतःची तयारी वेगळी. पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसा किंवा परवानगीचा कागद यांच्या रंगीत प्रती ईमेलमध्ये ठेवा, एक संच आईच्या ट्रंकेत. पोहोचल्यावर शिक्का बसलेल्या पानाचा फोटो त्यात घाला. पासपोर्ट नंबर तोंडपाठ करा, आधार नंबर करतो तसा. पासपोर्टच्या मापाचे, पांढऱ्या पार्श्वभूमीचे चार-सहा फोटो जवळ असू द्या. दूतावासात नवीन कागद करायची वेळ आली तर फोटो स्टुडिओ शोधत फिरावं लागत नाही. नैरोबीतल्या भारतीय उच्चायोगात, म्हणजे तिथल्या आपल्या दूतावासात, आपली नोंद करा, पत्ता आणि घरचा फोन देऊन. मुद्दाम एक गोष्ट सांगते, जी सगळे विसरतात : पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड. आपण ते सवयीने पासपोर्टातच खोचून ठेवतो. केनियातून येणाऱ्याकडे ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. घरी कोणी अत्यवस्थ असताना हे सहा दिवस फार जड जातात. पासपोर्ट कपाटात ठेवायची वेळ आलीच, तरी पिवळं कार्ड त्याच्याबरोबर जाऊ देऊ नका.

आणि पैसे. पासपोर्ट हातात आहे पण तिकिटाचे पैसे संस्थेकडेच मागायचे, तर कपाट उघडं असून काय उपयोग? एकेरी तिकिटापुरती रक्कम तुमच्या स्वतःच्या खात्यात, तुमच्याच कार्डावर असू द्या, आणि तिला दोन वर्षं हात लावू नका. आईवडिलांनी लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून ती उभी केलेली मी पाहिली आहे, चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी भिशीतून केलेलीही पाहिली आहे. सेवेला निघालेल्या मुलीला शाल-श्रीफळ देण्यापेक्षा मंडळीने हे करावं, असं मला मनापासून वाटतं.

इथवरचं एका वाक्यात : संस्थेचं लेखी ‘हो’, स्वतःच्या प्रती, स्वतःचं तिकीट आणि कार्ड मिळेपर्यंत पासपोर्ट स्वतःजवळ. पुढे ते बिघडलं तर काय करायचं, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा दुसऱ्या एका देशात सेवेला होता. देश आणि संस्था सांगत नाही. बहिणीच्या लग्नाला यायचं म्हणून त्याने पासपोर्ट मागितला. संचालक म्हणाले, “आपण यावर प्रार्थना करून ठरवू.” पुढच्या आठवड्यातही तेच. मग कामाची अडचण निघाली, मग परमिटची. म्हणजे पासपोर्ट ही वस्तू न राहता रजेचा अर्ज झाली. लग्न दहा दिवसांवर आलं तेव्हा तो घाबरून पोलीस ठाण्यात गेला आणि पासपोर्ट हरवल्याची तक्रार देऊन आला. त्याला वाटलं, आता नवीन मिळेल. झालं उलटंच. हरवल्याची नोंद झाली की तो पासपोर्ट रद्द होतो आणि नंतर सापडला तरी वापरता येत नाही. निवासाचा परवाना त्याच पुस्तिकेत, ती तर कपाटात सुखरूप. इमिग्रेशनला ते दिसलं आणि खोटं बोलल्याचा ठपका मुलावरच आला, पासपोर्ट अडवणाऱ्यावर नाही. सुटायला कित्येक महिने गेले. लग्न तर केव्हाच होऊन गेलं होतं.

म्हणून हे घट्ट लक्षात ठेवा. पासपोर्ट कोणी देत नसेल तर ‘हरवला’ असं कुठेही म्हणू नका, लिहू नका. ‘अमुक कार्यालयात आहे, अमुक तारखेला मागितला, दिला नाही’ असंच लिहा. आधी कार्यालयाला ईमेल करा, परत द्यायची तारीख घालून. त्याच ईमेलची प्रत भारतातल्या पाठवणाऱ्या संस्थेला आणि घरी. तारीख उलटली तर उच्चायोगाला फोन आणि ईमेल, दोन्ही. परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ नावाचं पोर्टल २०१५ पासून आहे. त्यावर तुमच्या वतीने घरचेही भारतातून तक्रार नोंदवू शकतात आणि तिचा क्रमांक मिळतो. पाठपुराव्यासाठी तो क्रमांक सोन्यासारखा असतो. उच्चायोगाचे लोक येऊन कपाट फोडणार नाहीत, तेवढे अधिकार परक्या देशात त्यांना नसतात. पण त्यांच्याकडून गेलेल्या एका फोनने कपाटं उघडलेली मी पाहिली आहेत. तरीही नाही झालं, तर तिथल्या पोलिसांत लेखी तक्रार. एकट्याने जाऊ नका, ओळखीचं स्थानिक माणूस बरोबर घ्या.

आणि घरी तातडीने यायचंच असेल, पासपोर्ट कुठल्याही कारणाने हाती येत नसेल, तर उच्चायोग आपत्कालीन प्रमाणपत्र देऊ शकतो. ते फक्त भारतात परत येण्यापुरतं असतं, एकदाच चालतं. परवाना जुन्या पुस्तिकेत असल्यामुळे तिथून बाहेर पडायला सहसा इमिग्रेशनची वेगळी परवानगी काढावी लागते, म्हणून त्यात एक-दोन दिवस जातात हे धरून चाला. हातात पैसे नसतील, तर अडचणीत सापडलेल्या भारतीयांसाठी २००९ पासून एक कल्याण निधी दूतावासांकडे असतो. तिकिटासाठी त्यातून मदत होऊ शकते, पण ती परिस्थिती पाहून देतात. म्हणून वर म्हटलेली तिकिटाची रक्कम स्वतःचीच बरी.

आईंसाठी थोडं. त्यांची भीती योग्य आहे, त्यांना तसं सांगा. एका वहीच्या पानावर तुमचा पासपोर्ट नंबर, तो कुठे आणि कधी काढला, संस्थेचा पत्ता, तिथल्या दोन माणसांचे फोन आणि उच्चायोगाचा फोन लिहून द्या. आणि दोघींत एक वाक्य ठरवून ठेवा, जे एरवी कधी बोलायचं नाही. आमच्याकडे एका मुलीने ‘आपली तांबडी गाय विकली का?’ हे ठरवलं होतं. त्यांच्या घरी गायच नव्हती. असा प्रश्न फोनवर आला की आईने पुढे काही न विचारता वहीतलं पान काढायचं आणि फोन करायला लागायचं. त्या मुलीला ते वाक्य कधी लागलं नाही. पण दोन वर्षं आईला रात्री झोप लागली.

आता शेवटचं काम, हे पोहोचल्यावरचं. कार्ड मिळालं, खोलीत सोय नाही म्हणून तुम्ही पासपोर्ट कार्यालयात ठेवलात, असं समजू. त्याच आठवड्यातल्या एखाद्या साध्या दुपारी, काही काम नसताना, कार्यालयात जा आणि पासपोर्ट मागा. कारण सांगू नका. विचारलंच तर ‘बघायचा होता’ एवढं पुरे. हातात घ्या, पानं उलटा, शिक्क्याची तारीख वहीत उतरवा, पाकिटात घालून पुन्हा सही करा आणि परत द्या. घरी काही झालेलं नसताना मागितलेला पासपोर्ट कसा मिळतो, त्यावरून घरी काही झाल्यावर तो कसा मिळेल ते कळतं. तोवरच्या चार वर्षांत मी एकदाही असा मागितला नव्हता, म्हणून दुसरी किल्ली नाही हे मला त्या शुक्रवारी कळलं. त्या संध्याकाळी आईंना फोन करा आणि किती मिनिटं लागली ते सांगा.